आधी कळस, मग पाया: वेरूळचा एक दिवस

बुधवार, रात्री

उद्या वेरूळ. पाहुणे चार, गाडी एक, मार्गदर्शक एक. वार आधीच तपासून घेतला, कारण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. या दोन वारांच्या घोळात कुणी ना कुणी तिकीट खिडकीवरून परत फिरतंच. दुसरी चूक म्हणजे अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात उरकण्याचा बेत. छत्रपती संभाजीनगरातून वेरूळ 30 किलोमीटर, अजिंठा 100 आणि तोही दुसऱ्या दिशेला. असा दिवस गाडीतच संपतो आणि लेणी फक्त फोटोत राहतात.

गाडीवाल्याशी तीन गोष्टी आजच बोलून ठेवायच्या. निघायची वेळ पहाटे सव्वापाच. थांबे घृष्णेश्वर, लेणी आणि देवगिरी, एवढेच. वाटेत पैठणी-हिमरूच्या दुकानात ‘फक्त बघायला’ थांबायचं नाही. त्या थांब्यात पाऊण तास जातो आणि तो नेमका सकाळच्या वेळेतून कापला जातो. साडी घ्यायचीच असेल तर परतताना शहरात निवांत घ्यावी.

मार्गदर्शकाशीही तसंच. सरकारमान्य ओळखपत्र बघावं, भाषा ठरवावी, किती तास ते ठरवावं, आणि मुख्य म्हणजे कोणती लेणी ते आकड्यांनी ठरवावं. ‘सगळी दाखवतो’ या शब्दाला अर्थ नाही. क्रमांक दिलेली लेणी 34 आहेत आणि ती दोनेक किलोमीटरच्या कड्यावर पसरली आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 शैव-वैष्णव, 30 ते 34 जैन. एका दिवसात नीट बघून होतात ती सहा, फार तर सात. आमची यादी 16, 32, 10, 12 आणि पाय चालले तर 5 आणि 29. बाकीची सोडताना जीव तुटतो, विशेषतः 21व्या लेण्यातली मकरावर उभी असलेली गंगा. पण सोडल्याशिवाय सोळावं लेणं, म्हणजे कैलास, हाती लागत नाही.

पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च, टोपी आणि पकड असलेले बूट. चप्पल नको, बेसॉल्टची फरशी हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली आहे. अत्तर लावू नये आणि कड्याखाली धूर करू नये, वर मधमाश्यांची पोळी असतात.

गुरुवार

घृष्णेश्वर सर्वांत आधी, याला दोन कारणं. देवळाचं दार पहाटे साडेपाचला उघडतं आणि डिसेंबरात उजाडायला सात वाजतात. तो दीड तास लेण्यांच्या काहीच कामाचा नसतो, देवदर्शनाला मात्र सोन्यासारखा. दुसरं असं की अकराच्या पुढे रांग वाढते. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर दर्शन आणि लेणी एका दिवसात बसवूच नयेत.

गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर दारात गोंधळ उडतो आणि मागची रांग खोळंबते. मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवावं. इथे पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं, म्हणून वेळ लागतो आणि लागू द्यावा. बाहेर आल्यावर पाच मिनिटं मागे सरकून शिखराकडे बघावं. तांबूस दगड, एकावर एक चढत गेलेले थर, मधल्या पट्ट्यात दशावतार. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात होळकरांनी पुन्हा बांधकाम केलं. भोसल्यांची पाटीलकी याच वेरूळची. गावात त्यांच्या गढीचे अवशेष आहेत आणि अहिल्याबाईंनी बांधून घेतलेलं शिवालय तीर्थ हे कुंडही आहे. चारी बाजूंनी पायऱ्यांचं, पायऱ्यांवर छोट्या देवळ्या. बहुतेक गाड्या दोन्हींवरून तशाच निघून जातात. कुंडाला दहा मिनिटं दिली तरी पुरतात, आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात ते पाहण्यासारखं दुसरं काही त्या गावात नाही.

प्रसादाची पिशवी हातात धरून लेण्यांकडे जाऊ नये. माकडं पिशवी ओळखतात.

सव्वासातला तिकीट खिडकी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत नऊच्या पुढे उतरतात, म्हणजे कैलासात पावणेदोन तास शांतता मिळते. तेवढ्यासाठी सव्वापाचला निघायचं.

सोळावं लेणं ‘लेणं’ म्हणून बघितलं की कळत नाही. ते खोदलेलं देऊळ आहे. खोदलेल्या आवाराची लांबी सुमारे 276 फूट, रुंदी 154, आणि मागच्या बाजूला कडा 107 फूट उभा कापलेला. आधी डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणले, मधला खडक सुटा करून ठेवला आणि मग वरून खाली देऊळ कोरत आले. काढून टाकलेल्या दगडाचा अंदाज 2 लाख टनांच्या घरात सांगतात. परांची बांधायची गरजच नाही, कारण कारागीर नेहमी न कापलेल्या खडकावरच उभा असतो. त्याच्या पायाखालची जमीन रोज थोडी खाली जाते. पण त्याच कारणाने चुकीला माफी नाही. बांधलेल्या देवळात वाकडा दगड उपसून दुसरा बसवता येतो, इथे शिखराचं माप चुकलं तर खालचं सगळंच चुकलं.

आठव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम. शेजारच्या पंधराव्या लेण्यात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाचा शिलालेख आहे, म्हणजे घराणं या कड्याशी आधीपासून जोडलेलं. राणीने व्रत घेतलं की कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही, आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने म्हणून आधी कळसच कोरला, ही गोष्ट मार्गदर्शकाने जरूर सांगावी. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे आणि कामाची पद्धतही तिच्यात नेमकी आली आहे. परग्रहावरच्या लोकांनी देऊळ खोदलं ही गोष्ट मात्र सांगू नये. तिला उत्तर इथल्या भिंतीवरच मिळतं. आवाराच्या बाजूच्या उभ्या कड्याला अगदी जवळ जाऊन, टॉर्च भिंतीला समांतर धरून उजेड टाकावा. छिन्नीच्या तिरप्या रेघा एकाखाली एक उमटतात, बोटभर अंतरावर, जिथे पुढचा हात थकला तिथे किंचित उथळ. माणसाच्या हाताची ही खूण पाहिल्यावर आकड्यांचं मोठेपण वेगळंच वाटायला लागतं.

फिरायचा क्रम प्रदक्षिणेचा ठेवावा. दारातून आत आलं की समोर गजलक्ष्मी. तिथून डावीकडे वळावं, देऊळ उजव्या हाताला ठेवून. आधी खालचं आवार, मग जिने. लोक थेट वरच्या मंडपात चढतात आणि खाली परत येईपर्यंत गर्दी झालेली असते. डावीकडच्या आवारात दगडी हत्ती, सोंड तुटलेला, आणि सुमारे 50 फुटांचा ध्वजस्तंभ. याच बाजूला कड्यात गंगा, यमुना, सरस्वती या तीन नद्यांची कोनाडेवजा खोली आहे. उत्तरेच्या भिंतीवर महाभारताचा पट, दक्षिणेच्या भिंतीवर रामायणाचा. दोन्ही आडव्या ओळींत वाचायचे असतात, पोथीसारखे. मुलं बरोबर असतील तर त्यांना रामायणाच्या पटावर सेतू बांधणारी माकडं शोधायला लावावीत, दहा मिनिटं कुणी कंटाळत नाही. जोत्याचे हत्ती आणि सिंह एकेक करून बघावेत. देऊळ त्यांच्या पाठीवर उचललं गेल्यासारखं दिसतं ते उगीच नाही.

दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे. इथे घाई करू नये. खाली रावण, सगळे हात पसरून ताकद लावतो आहे, त्याच्याभोवतीचा दगड खोल कोरून काळोख ठेवला आहे. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, तिची सखी पळत सुटलेली, आणि शंकर स्थिर, पायाचा एक दाब. ज्या देवळाचं नाव कैलास, त्याच्याच पोटात कैलास हलतो आहे. समोर थेट उभं राहिलं तर कोरीवकामाची ही खोली कळत नाही. थोडं डावीकडे सरकून तिरपं बघावं.

वरच्या मंडपाच्या छताला रंगाचे तुकडे उरले आहेत. बाहेरही हत्तींच्या पोटाखाली, पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यांत पांढरा गिलावा चिकटलेला दिसतो. या देवळाचं जुनं नाव रंगमहाल. आजचा काळा दगड हे त्याचं उघडं अंग आहे, हे डोळ्यांपुढे आणायला मार्गदर्शकाने मदत करावी. फ्लॅश मारू नये.

पावणेदहाला बाहेर. दारासमोर उभं राहिलं की उजव्या हाताने डोंगरावर पायवाट चढते. पंधरा मिनिटांची चढण, आणि वरून कैलास पायाखाली. खोदणाऱ्याने जिथून पहिला घाव घातला ती ही जागा. ज्यांनी आधी खाली वेळ दिला त्यांनाच वरचं दृश्य समजतं, म्हणून क्रम हाच. कड्याच्या टोकाशी जाऊ नये, कठडा सगळीकडे नाही आणि माती भुसभुशीत असते. पावसाळ्यात शेवाळ येतं, तेव्हा ही चढण सोडलेलीच बरी. वाट बंद केलेली असेल तर पहारेकऱ्याशी वाद घालू नये.

जैन लेण्यांकडे आतल्या बसने जावं. उन्हात डांबरावरून चालून पाय तिथेच संपवले तर दुपारचं काही खरं नाही. बत्तिसाव्या लेण्याला इंद्रसभा म्हणतात ते गैरसमजातून. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानलं आणि सिंहावर बसलेल्या अंबिकेला इंद्राणी. अंबिकेच्या डोक्यावरचा आंबा नीट बघावा. एकेक पान वेगळं, फळांचे घोस, मध्ये पक्षी. कैलासानंतर हे काम लहान वाटेल असं वाटतं, पण इथला हात जास्त बारीक आहे. वेलींनी वेढलेले बाहुबली याच परिसरात. वर डोंगरावर पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आजही पूजेत आहे. ज्यांना तिथे जायचं असेल त्यांनी एकोणतीसावं लेणं सोडावं, दोन्ही जमत नाही.

बारा ते दीड जेवण आणि विश्रांती. तिखट, तेलकट नको. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, ताक, एवढं पोटात असलं की दुपारी झोप येत नाही.

बौद्ध लेणी दुपारी, आणि याला कारण कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत अंधार असतो, दोननंतर ऊन दारातून आत सरकायला लागतं. दहाव्या लेण्याला याचा फायदा सर्वांत जास्त. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, आणि आत पाऊल टाकून वर बघितलं की नाव पटतं. छताला दगडी वासे, कमानीत वाकवलेले. दगडाला वाशांची काहीच गरज नसते. लाकडी चैत्यांची शतकानुशतकांची सवय दगडात तशीच उतरली आहे. स्तूपाच्या पुढ्यात बसलेले बुद्ध. इथे मोठ्याने बोलू नये. एक सूर लावून थांबावं, तो छताखाली किती वेळ रेंगाळतो ते ऐकावं. मार्चमध्ये काही दिवस मावळतीचे किरण थेट बुद्धमूर्तीवर पोचतात आणि ते बघायला भिक्खू आणि उपासक मुद्दाम येतात. हे लेणं श्रद्धेचं ठिकाण आहे हे विसरून स्तूपाला टेकून फोटो काढणारे दिसतात. त्यांना शांतपणे सांगावं.

बारावं लेणं तीन मजली. बाहेरून कचेरीसारखं साधं, तिसऱ्या मजल्यावर सात-सात बुद्धांच्या रांगा. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच बसावं.

सव्वातीनला निघून देवगिरीच्या पायथ्याशी चारच्या आत. इथे प्रामाणिक असावं लागतं. किल्ल्याला सुमारे साडेसातशे पायऱ्या, माथ्यापर्यंत जाऊन यायला दोन-अडीच तास, आणि संध्याकाळी दार बंद होतं. या दिवशी माथा होणार नाही हे सकाळीच सांगून ठेवावं, म्हणजे कुणी हिरमुसत नाही. माथ्याकडे जनार्दनस्वामींचं ठिकाण आहे. इथले किल्लेदार आणि एकनाथांचे गुरू. ज्यांना तिथे माथा टेकायचा असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे यावं, तो वेगळाच दिवस आहे.

चार ते साडेपाचमध्ये बसतं ते हत्ती हौद, भारतमाता मंदिर आणि त्याचे वेगवेगळ्या जुन्या इमारतींतून आलेले खांब, 210 फुटांचा चांदमिनार, चिनी महाल, आणि तिथून खंदक. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह चिनी महालात कैदेत होता. अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च असेल तरच शिरावं. वाघळांचा वास येतो, पायऱ्या असमान आहेत आणि वळणं शत्रूला चुकवायलाच केली आहेत.

पण शेवटचा अर्धा तास खंदकाच्या पुलाशी राखून ठेवायचा. यादवांनी हा डोंगर चारी बाजूंनी उभा तासला, म्हणून वर चढायला जागाच नाही. पाचनंतर ऊन अगदी आडवं येतं आणि तासलेल्या भिंतीवर तिरप्या रेघा दिसायला लागतात. सकाळी टॉर्च धरून पाहिल्या तशाच, बोटभर अंतरावर, एकाखाली एक.