तुम्ही विचारलंत म्हणून: रोमुलोंनी न दिलेला राजीनामा

फिलिपीन्सचे मुत्सद्दी कार्लोस रोमुलो यांच्यावरचं माझं व्याख्यान संपतं, आभार मानून होतात, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठतंच. "बाई, तुमचे हे रोमुलो शेवटपर्यंत हुकूमशहा मार्कोसच्याच मंत्रिमंडळात होते ना? आपल्या चिंतामणराव देशमुखांनी मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडलं. यांच्या डोळ्यांदेखत लोकशाही बुडाली, तरी यांनी खुर्ची सोडली नाही. मग तुम्ही इतकी वर्षं यांच्याबद्दल एवढ्या मायेने का बोलता?" पुण्यात विचारलं, सांगलीत विचारलं, परवा डोंबिवलीत विचारलं. दरवेळी मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून मोकळी होते आणि रात्री मला झोप लागत नाही. म्हणून आज बैजवार सांगते.

पत्रकारितेचं पुलित्झर, अमेरिकन सेनापती मॅकआर्थरसोबतचं लेते बेटाच्या किनाऱ्यावर उतरणं, १९४९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचं अध्यक्षपद मिळालेला पहिला आशियाई माणूस, हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. मी कार्लोस रोमुलोंकडे ओढली गेले ती एका शब्दापायी. १९४५, सान फ्रान्सिस्को. फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात, आपण इंग्रजांच्या. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर दोन्ही देशांच्या सह्या आहेत, पण आपल्या वतीने सही करणारे रामस्वामी मुदलियार परक्या सरकारने पाठवलेले होते आणि विजयालक्ष्मी पंडित त्याच शहरात बाहेर सभा घेत हिंडत होत्या. वसाहतींबद्दलच्या कलमांत ब्रिटन आणि फ्रान्सला 'स्वशासन' एवढाच शब्द पुरेसा वाटत होता. 'स्वातंत्र्य' हा शब्द घाला म्हणून भांडणाऱ्यांत रोमुलो पुढे होते. विश्वस्त प्रदेशांच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालच्या प्रदेशांच्या, ७६व्या कलमात तो शब्द आला. बाकीच्या वसाहतींच्या ७३व्या कलमात नाही आला. स्वतःचा देश अजून स्वतंत्र नसलेला माणूस दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी शब्दाशब्दावर अडून बसतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आजही येतो. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पण तुमचा प्रश्न १९७२चा आहे, मार्कोसने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लादला त्या वर्षाचा.

नवरा भातसंशोधनाच्या कामावर होता, म्हणून आम्ही सहा वर्षं लोस बान्योसला राहिलो. माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी घर, शेजारी एक निवृत्त शिक्षिका. तिला मी 'आते' म्हणायची. तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. ती सकाळी तुयो तळायची, सुका मासा, आणि त्या वासाने मला माहेरची सुकट आठवायची. तिथे असतानाच मी एका दिवाळी अंकासाठी रोमुलोंवर लेख लिहिला. पंचवीस पानांच्या त्या लेखात १९७२ला एक वाक्य दिलं होतं: 'पुढे देशातील कठीण परिस्थितीतही त्यांनी परराष्ट्रमंत्रिपदाची धुरा सांभाळली.' हे वाक्य माझं आहे. मी ते लिहिलं, तपासलं आणि छापायला पाठवलं.

अंक आला त्या संध्याकाळी मी कौतुकाने आतेच्या स्वयंपाकघरात गेले. तिला मराठी कुठून येणार, पण रोमुलोंचा फोटो तिने ओळखला. काय लिहिलंयस, म्हणाली. मी सांगत गेले. ती भात निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. मग तिने विचारलं, मार्शल लॉबद्दल काय लिहिलंस? मी ते वाक्य भाषांतर करून सांगितलं. बोलता बोलताच माझा आवाज बारीक झाला.

तिने सूप खाली ठेवलं. तिचा धाकटा भाऊ डिलिमानला फिलिपीन्स विद्यापीठात शिकत होता. रोमुलो १९६८पर्यंत त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष होते. भाऊ दाखल झाला तो रोमुलोंच्याच काळात. १९७३च्या पावसाळ्यात सैनिक त्याला घेऊन गेले. चौदा महिन्यांनी परत आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दोन्ही हातांनी एकदम कानांवर मारायचे, त्याला ते लोक 'टेलिफोन' म्हणायचे. त्यानंतर तो माणसांत बसेना.

मी तेव्हा काय केलं असेल? मी रोमुलोंची बाजू मांडली. तिच्याच स्वयंपाकघरात, ती हे सांगून झाल्यावर. मी तिला १९४७ सांगितलं. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव महासभेत आला, तेव्हा २६ नोव्हेंबरला रोमुलोंनी फाळणीविरुद्ध भाषण केलं. तीन दिवसांनी मतदान झालं. मधल्या काळात वॉशिंग्टनकडून दबाव आला, फिलिपीन्सचे अध्यक्ष रोहास वाकले, आणि २९ तारखेला फिलिपीन्सने फाळणीच्या बाजूने मत दिलं. रोमुलो तेव्हा सभागृहात नव्हतेच. मी आतेला म्हटलं, राजदूताचं तोंड त्याचं स्वतःचं नसतं. हे त्यांना तेव्हाच कळलं, आणि कळूनही ते कामावर राहिले, कारण लहान देशाची खुर्ची रिकामी राहिली तर तिथे दुसरंच कुणी बसतं.

आते काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती इंग्रजीत म्हणू लागली. १९४१मध्ये रोमुलोंनी लिहिलेला 'मी फिलिपिनो आहे' हा निबंध, जो तिथली पोरं शाळेत पाठ करतात. पहिल्या शब्दापासून म्हणत गेली, कुठेही न अडखळता. मध्येच थांबली आणि म्हणाली, हा माझ्या भावालाही पाठ होता, मीच त्याच्याकडून म्हणवून घेतला होता. मग ती पुन्हा भात निवडायला बसली. मी घरी आले.

त्या संध्याकाळनंतर १९४७चा दाखला मी कुठल्याही व्याख्यानात बचाव म्हणून दिलेला नाही. परक्यांच्या दबावाखाली देशाने मत फिरवणं वेगळं आणि आपल्याच सरकारने आपल्याच मुलांना उचलून नेणं वेगळं. तेव्हाची मी हे दोन्ही एकाच मापाने मोजत होते.

भीतीचं कारणही टिकत नाही. १९४२मध्ये जपान्यांच्या हाती बातान पडताना अगदी शेवटच्या घटकेला निघालेला, बायको आणि चार मुलं शत्रूच्या ताब्यातल्या देशात मागे राहिलेली असतानाही रेडिओवरून बोलत राहिलेला माणूस मार्कोसला घाबरला, हे मला पटत नाही. अमेरिकेत त्यांना कुठलंही दार उघडं होतं. शिवाय १९४८मध्ये जिनिव्हाला वृत्तस्वातंत्र्यावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष हेच होते. सप्टेंबर १९७२मध्ये मार्कोसने मनिलातली वर्तमानपत्रं बंद केली, संपादकांना आणि निनोय अक्विनोंसारख्या विरोधकांना तुरुंगात टाकलं, तेव्हा हा जुना पत्रकार परराष्ट्रमंत्री होता. पुढची अकरा वर्षंही होता. २०१३च्या कायद्याखाली तिथल्या सरकारने त्या काळातल्या ११,१०३ जणांना अत्याचारांचे बळी म्हणून मान्यता दिली. अक्विनोंचा खून ऑगस्ट १९८३चा. रोमुलोंनी पद सोडलं जानेवारी १९८४मध्ये, शहाऐंशीच्या घरात असताना. डिसेंबर १९८५मध्ये ते गेले आणि दोन महिन्यांनी लोक मार्कोसविरुद्ध मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उतरले.

आता देशमुखांचं. १९५६मध्ये चिंतामणराव बाहेर पडले याचा मलाही अभिमान आहे, माझे वडील त्या दिवसाबद्दल फार बोलायचे. पण चिंतामणराव ज्या सरकारातून बाहेर पडले, ते त्यांना तुरुंगात टाकणारं नव्हतं. संसदेत उभं राहून बोलता येत होतं, दुसऱ्या दिवशी ते छापून येत होतं. ही तुलना करताना तुम्ही एवढं तरी धरायला हवं. आणि हे लिहितानाच मला कळतंय की मी पुन्हा बचाव करतेय, कारण दुर्गाबाई भागवत कऱ्हाडला आणीबाणीविरुद्ध बोलल्या तेव्हा तुरुंग समोर दिसत होता. तरीही त्या बोलल्या.

मग मी या माणसाला सोडून का देत नाही? ७६व्या कलमातला शब्द खोटा नव्हता म्हणून. आणि तो खरा होता म्हणूनच १९७२ची गप्प बसलेली वर्षं मला सोसत नाहीत. सरकार म्हणजेच देश असं त्यांना वाटायला लागलं होतं का? म्हातारपणी पद हाच आधार झाला होता का? कधी पहिलं खरं वाटतं, कधी दुसरं. आतेच्या समोर यातलं एकही म्हणायची माझी हिंमत नाही.

तिचा भाऊ गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. सप्टेंबरमध्ये तिचा फोन येतो. पावसाचं, गुडघ्यांचं, नातवंडांचं बोलणं होतं. रोमुलोंचं नाव ती काढत नाही आणि मीही काढत नाही.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला व्याख्यान आहे. या वेळी सुरुवात सान फ्रान्सिस्कोपासून करायची की डिलिमानपासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.