वादळाच्या आग्नेयेला

डॅलसहून चौघं मित्र एका गाडीतून वादळ बघायला निघणार असाल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: टॉर्नेडो दिसलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. आठ-दहा तास गाडीत जातात, दोन-तीन तास एखाद्या पेट्रोल पंपावर वाट बघण्यात जातात, आणि वादळ हाती लागलंच तर तासभर लागतं. तो तास नीट जावा म्हणून बाकीचा सगळा खटाटोप.

सकाळची सुरुवात ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरपासून, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्रापासून. त्या दिवसाचा अंदाज रात्री १ वाजता निघतो, मग सकाळी ८, साडेअकरा, दुपारी ३ आणि रात्री ८ ला सुधारून येतो. धोक्याच्या पाच पायऱ्या: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. नवखी माणसं नकाशावरचा रंग बघून ठरवतात. रंगापेक्षा खालचा मजकूर वाचा, कारण वादळ कशामुळे उठणार, किती वाजता उठणार आणि काय आडवं येऊ शकतं हे तिथे लिहिलेलं असतं. पहिल्याच खेपेला मॉडरेट किंवा हायच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी वादळं बऱ्याचदा भरधाव असतात, टॉर्नेडो पावसात दडलेला असतो आणि रस्त्यावर गाड्यांची गर्दी असते.

असं वादळ उठायला जमिनीलगत दमटपणा लागतो: दवबिंदू किमान ६० अंश फॅरेनहाइट, ६५ असेल तर उत्तम. जमिनीवरचा वारा आणि सहा किलोमीटर उंचीवरचा वारा यांत साधारण ४० नॉट्सचा फरक हवा. आणि हवेला वर ढकलणारं काहीतरी हवं. टेक्सास पॅनहँडल (टेक्सासचा उत्तरेकडचा चौकोनी पट्टा) आणि पश्चिम ओक्लाहोमात ते काम बहुतेक वेळा ड्रायलाइन करते. पश्चिमेची कोरडी हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा यांच्यामधली ही सीमा दुपारी पूर्वेकडे सरकते आणि तिच्यावरच ढग फुटतात.

आपल्याकडचा वळीव बहुतेक वेळा तासाभरात का ओसरतो, तेही इथेच कळतं. वरच्या आणि खालच्या वाऱ्यात फारसा फरक नसला की पाऊस स्वतःच्याच चढत्या हवेवर कोसळतो आणि ढगाचा दम संपतो. या मैदानात वाऱ्यातल्या फरकामुळे ढग तिरपा होतो, पाऊस एका अंगाला आणि चढती हवा दुसऱ्या अंगाला राहते, शिवाय तिला पीळ बसतो. अशा फिरत्या वादळाला सुपरसेल म्हणतात, आणि ते तासन् तास जगतं.

अपेक्षाभंग बहुतेकदा झाकणामुळे होतो. सुमारे तीन किलोमीटरवर उबदार हवेचा थर असतो आणि खालची हवा त्याखाली कोंडलेली असते. तिथलं तापमान १२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर झाकण उघडणं कठीण. ते सकाळीच उघडलं तर ढगांची खिचडी होते, पाचच्या सुमारास उघडलं तर एखादं सुटं, देखणं वादळ उभं राहतं, आणि उघडलंच नाही तर निळ्या आभाळाखाली उभं राहून परत यायचं. म्हणून सकाळी ७ ला सोडलेल्या हवामान-फुग्याची नोंद आणि दर तासाला येणारं एचआरआरआर मॉडेल (पुढच्या काही तासांचा संगणकी अंदाज) दोन्ही बघा, पण मॉडेलच्या एकाच चित्रावर गाव ठरवू नका. चिल्ड्रेससारखी जागा वाट बघायला चांगली: यू.एस. २८७ ने डॅलसहून चारेक तास, आणि तिथून यू.एस. ८३ सरळ उत्तरेला जातो. टाकी अर्धी झाली की भरायची. हाताने खाता येतील अशा दशम्या किंवा पराठे बरोबर ठेवा, संध्याकाळी वाटेत थांबायला सवड मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कुठे उभी करायची. सुपरसेल बहुधा ईशान्येला किंवा पूर्वेला सरकतं. गारा आणि पाऊस त्याच्या पुढच्या अंगाला, टॉर्नेडोची जागा मागच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. त्या कोपऱ्याच्या आग्नेयेला तीन-चार मैल सोडून थांबा, गाडीचं तोंड दक्षिणेच्या डांबरी रस्त्याकडे करून. तिथून वायव्येला पाहिलं की पावसाचा पडदा उजवीकडे, ढगाचा सपाट काळा तळ समोर आणि त्याच्यामागे उजेड. एक ध्यानात ठेवा: वादळ जोमात आलं की अनेकदा उजवीकडे वळतं, म्हणजे तुमच्याच दिशेने.

वादळ जोरात असताना तुमच्या पाठीवर दमट, उबदार वारा लागतो आणि गवत ढगाकडे झुकलेलं दिसतं. तळाखाली ढगाचा एक ठोकळा उतरतो, तो वॉल क्लाउड. लोंबत्या चिंध्यांना लोक फसतात. चिंध्या येतात आणि विरतात, वॉल क्लाउड मात्र दहा-पंधरा मिनिटं टिकतो आणि फिरतो. फिरतोय का हे कळायला एकाच तुकड्यावर निदान अर्धा मिनिट नजर ठेवा. त्याच्या मागून ढगात उजेडाची खाच पडू लागली की सावध व्हा. टॉर्नेडोची सोंड जमिनीला टेकलेली दिसायलाच हवी असं नाही. तिच्याखाली धूळ गोल उठत असेल तर टॉर्नेडो जमिनीवर आहे. तो लांबच्या खांबाच्या डावीउजवीकडे न सरकता नुसताच मोठा होत असेल, तर तुमच्याकडे येतोय. पाठीवरचा वारा पडून ढगाकडून गार झोत आला, तरी जागा सोडा.

फोनवरचं रडार जुनं असतं. एका फेरीला चार-सहा मिनिटं लागतात आणि पाच मिनिटांत ताशी ४० मैलांचं वादळ तीन मैलांहून जास्त पुढे गेलेलं असतं. रेंज गेली की शेवटचं चित्र तसंच पडद्यावर राहतं, म्हणून आधी वेळ वाचा. रडारपासून १०० किलोमीटरवर सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, त्याखाली काय चाललंय ते डोळ्यांनीच बघायचं.

मागून गाठायचा नाद सोडा. रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, वादळ तिरपं. ताशी ४० मैलांनी ईशान्येला जाणाऱ्या वादळाबरोबर राहायला चौकटीतल्या रस्त्यांवर ताशी ५६-५७ मैलांची सरासरी लागते, तीही एकदाही न थांबता. मग माणसं गारांच्या पडद्यातून घुसायला बघतात आणि काच फोडून घेतात. नकाशा जवळची वाट म्हणून कच्चा रस्ता दाखवतो. पश्चिम ओक्लाहोमाची लाल माती भिजली की आपल्या काळ्या मातीसारखीच चाकांना लपेटते. शिवाय नद्यांवर पूल थोडे, ते सकाळीच नकाशावर खुणावून ठेवा.

गाडी चालवणाऱ्याने आभाळाकडे बघायचंच नाही. एक नकाशावर, एक रडारवर, एक ढगावर. हे मी कळकळीने सांगतो. २०१७ मध्ये टेक्सासात स्परजवळ चौकातल्या धडकेत तीन चेसर, म्हणजे वादळाचा पाठलाग करणारे, गेले. २०२२ मध्ये चेसहून परतणारे ओक्लाहोमा विद्यापीठाचे तीन विद्यार्थी ओल्या हायवेवर गाडी घसरून गेले. आणि ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे कसलेले संशोधक टॉर्नेडोत सापडून गेले. तो टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला होता आणि त्याने दिशा आणि वेग झपाट्याने बदलले होते. हायवेच्या पुलाखाली आसरा घेऊ नका. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या उद्रेकात पुलांखाली थांबलेल्यांचे जीव गेले. विजा कडाडत असताना तारेच्या कुंपणाला टेकू नका, गाडीत बसा.

टॉर्नेडो एखाद्या घरावरून गेला आणि तुम्ही जवळ असाल, तर पाठलाग तिथेच संपला. ९११ ला फोन करा, तुटलेल्या तारा आणि गॅसचा वास सांभाळून लोकांना हाका मारा. कॅमेरा डिकीत.

मेअखेरीस सूर्य साडेआठनंतर मावळतो. त्याच्या अर्धा तास आधी गाडी दक्षिणेला काढा. अंधारात टॉर्नेडो फक्त विजेच्या लखलखाटात दिसतो, आणि रस्त्यावर हरणं येतात. वादळ पूर्वेला निघून गेलं की पाठीमागचा सूर्य त्याच्या माथ्यावर पडतो, ऐरणीसारख्या पसरलेल्या ढगाच्या पोटाला लोंबणाऱ्या पिशव्या केशरी होतात, आणि तोपर्यंत तुम्ही एखाद्या शेताच्या फाटकाशी, डांबरापासून पूर्ण बाजूला, शांतपणे उभे असता. उद्याचा अंदाज रात्री १ ला येईल. त्याआधी टायर तपासा, टाकी भरा आणि झोपा.