जे तयार झालंय तिकडे जायचं! रत्नागिरीतले आमचे उन्हाळी वीकेंड

एप्रिल-मे मध्ये कोकणात फिरू नका, घामाच्या धारा लागतात असं सगळे सांगतात, आणि लागतातच, त्यात काही खोटं नाही. पण आम्ही दोघं रत्नागिरीतच राहतो आणि मला विचाराल तर कोकण खायचं असेल तर हेच दोन महिने. पावसाळ्यात कोकण बघायला सुंदर, गणपतीत घरं माणसांनी भरलेली, पण झाडावर, खाडीत आणि बंदरावर एकाच वेळी एवढं सगळं खायला तयार असतं ते पाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंतच. म्हणून आमचे वीकेंड ठिकाण बघून ठरत नाहीत. या आठवड्यात काय तयार झालंय, कुठल्या गावात मिळतंय ते आधी बघायचं, आणि मग त्या वाटेवर जे बघण्यासारखं असेल ते बघून यायचं. लग्न झाल्यापासून आमचं हे असंच चालू आहे आणि अजून एकही उन्हाळा कंटाळा आलेला नाही.

फक्त वेळ पाळायची. सकाळी साडेपाच-सहाला निघायचं, ऊन चढायच्या आत बघून व्हायला हवं, दुपारी जेवून सावलीत आडवं व्हायचं, आणि परत बाहेर पडायचं ते साडेचार-पाचनंतर. मे महिन्यात दुपारी बारा वाजता लहान मुलांना घेऊन किल्ले चढणारी माणसं बघितली की मला खरंच काळजी वाटते, इकडची हवा दमट, घाम वाळत नाही आणि कधी त्रास व्हायला लागतो ते कळतही नाही.

सीझनची सुरुवात आमच्याकडे ओल्या काजूगरांनी होते. बाजारात बायका शेकड्यावर विकायला घेऊन बसतात आणि भाव ऐकून बाहेरचे लोक दचकतात, पण एकदा स्वतः हिरवी काजू चिरून बघा म्हणजे भाव कळेल. टरफलाचा चीक हाताला लागला की कातडी भाजून निघते, काम करणाऱ्या बायका हाताला खोबरेल नाहीतर राख चोळून बसतात, एकेक बी उभी चिरायची, आतला गर न मोडता काढायचा आणि मग वरची साल. एवढं करून उसळ होते ती घरातल्या चार माणसांना पुरेल न पुरेल एवढी. त्यामुळे काजूगरांच्या भावात आम्ही कधीच घासाघीस करत नाही. नवरा एरवी मासळी बाजारात पाच-दहा रुपयांसाठी तासभर बोलेल, इथे गप्प पैसे देतो.

एप्रिलच्या सुरुवातीला काजूगर घ्यायचे म्हणून आम्ही पावस-पूर्णगडच्या रस्त्याला लागतो. भाट्याचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात नमस्कार (दुपारच्या वेळेला पोचलात तर खिचडीचा प्रसाद सोडू नका), मग मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथला छोटासा पूर्णगड, आणि पूल ओलांडून पलीकडे सुरूच्या झाडांची गावखडी. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावातले कासवमित्र आणि वनखात्याची माणसं ती अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. आम्ही पहाटे पोचलो तेव्हा पुरलेल्या अंड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलायच्या होत्या, नशीब चांगलं, एका टोपलीखाली पिल्लं निघालेली. पाण्यापासून थोडं लांब वाळूवर सोडली आणि ती स्वतःच्या स्वतः चालत निघाली, तळहातापेक्षा लहान जीव, एखादं उलटं पडायचं, एखादं भलत्याच दिशेला वळायचं. मी मधे हात घालायला गेले तर तिथले काका म्हणाले, "नको ताई, जाऊ दे तिला तिची ती." नवऱ्याने फोन खिशात ठेवून दिला आणि शेवटचं पिल्लू लाटेत जाईपर्यंत आम्ही दोघं उकिडवेच बसलेलो. पिल्लं रोज निघतात असं नाही, त्यामुळे जायच्या आधी गावात चौकशी करून जा.

याच रस्त्याने अजून पुढे गेलं की कशेळी, आणि या सगळ्या उन्हाळ्यात मला सर्वात जास्त काय आवडलं असेल तर तो कशेळीचा शनिवार. कशेळीच्या सड्यावर (सडा म्हणजे उघडं कातळाचं पठार) जांभ्या दगडात एक हत्ती कोरलाय, साधारण 18 मीटर लांब, त्याच्या अंगात आणि आजूबाजूला बाकीचे कितीतरी लहानमोठे प्राणी. कातळशिल्पं म्हणतात यांना, हजारो वर्षांपूर्वीची, रत्नागिरी-राजापूर भागात सड्यासड्यावर आहेत आणि 2022 पासून यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ही जगासमोर आली ती रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांमुळे, गावोगाव जाऊन गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत, उन्हातान्हात सडे पालथे घालून त्यांनी एकेक चित्र शोधलं, गवत-माती काढून साफ केलं. त्यांचं हे काम माझ्या दृष्टीने फार मोठं आहे आणि रत्नागिरीतल्या प्रत्येक शाळेने मुलांना निदान एक सडा तरी दाखवलाच पाहिजे.

तर आम्ही सातच्या सुमारास सड्यावर होतो. सकाळीच जायचं याला कारण नुसतं ऊन नाही, कोरलेल्या रेषा फार खोल नाहीत, सूर्य डोक्यावर आला की सपाट दगड आणि रेष यात फरकच दिसत नाही, सकाळी तिरपं ऊन असतं तेव्हा प्रत्येक खाचेत सावली पडते आणि चित्र उठून येतं. हत्ती एवढा मोठा की जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही, मग आम्ही कडेकडेने सोंडेपासून शेपटीपर्यंत चालत गेलो आणि तो पायांनी समजून घेतला. नवरा मला लांबून ओरडून सांगतोय, "अगं इकडे पाय आहे बघ, हा मागचा," आणि मी दुसऱ्या टोकाला सोंडेचं वळण शोधतेय. ज्या कोणी हे कोरलं त्याने एवढं मोठं चित्र उंचावरून न बघता प्रमाणात कसं धरलं असेल याचा विचार मी अजून करतेय. जाणार असाल तर चित्रावर पाय देऊ नका आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू-बिडू अजिबात मारू नका प्लीज.

तिथून खाली गावात कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं आपल्याकडे अशीही कमीच. उन्हातून आत गेल्यावर तिथल्या दगडी गारव्यात अर्धा तास बसून राहिलो. देवघळीला समुद्र वरूनच बघितला.

आणि मग जेवण! आडिवऱ्याच्या बाजूला एक काकू घरीच जेवण देतात, बोर्ड वगैरे काही नाही, आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगायचं. काकू म्हणाल्या होत्या, "सड्यावरून निघालात की फोन करा, मग भात टाकते." पडवीत पंख्याखाली पाट मांडलेले. केळीच्या पानावर भात, आमटी, फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, बिटक्यांचं (लहान रायवळ आंब्यांचं) रायतं, पोह्याचा पापड आणि तांब्यात सोलकढी. काजूगरांच्या उसळीत लोक गरम मसाला का ओततात मला कळत नाही, काकूंनी ओलं खोबरं, थोडी मिरची, गूळ आणि आमसूल एवढंच घातलेलं आणि गराची ती दुधाळ गोडी तशीच राहिलेली. रायत्यातल्या बिटक्या अख्ख्या, मोहरी फेसून लावलेली, नाकात झणका येतो आणि मागोमाग गुळाची आणि आंब्याची गोडी, बाठा चोखत बसायचं, हात कोपरापर्यंत माखले तरी चालतात. सोलकढी मी तीनदा मागून घेतली.

शेवटी सांदणं आली. बरक्या फणसाचा रस आणि तांदळाच्या कण्या, गूळ घालून उकडलेली, वरून नारळाचं दूध. बरका फणस म्हणजे गिळगिळीत म्हणून नाक मुरडणारे लोक माझ्या माहेरी, कोल्हापूरला भरपूर आहेत, त्या सगळ्यांना मला या पडवीत आणून बसवायचंय. काकूंना विचारलं सांदण इतकं हलकं कसं झालं, तर म्हणाल्या कण्या चांगल्या भाजून घ्यायच्या आणि रस घातल्यावर घाई न करता भिजू द्यायचं. घरी आल्यावर तसं केलं आणि जमलं! जेवल्यावर काकूंनी पडवीतच चटई टाकून दिली आणि आम्ही सरळ चार वाजेपर्यंत झोपलो.

मे लागला की आंबा. हापूसला 2018 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतलाच आंबा त्या नावाने विकता येतो, तरी पुण्या-मुंबईचे नातेवाईक दरवर्षी कुठूनतरी भलतीच पेटी घेतात आणि मग मला फोटो पाठवून विचारतात हा खरा का. फोटोवरून कसं सांगणार? ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या, एवढंच माझं म्हणणं. आम्ही बागेतच जातो, झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) उतरवलेला आंबा खाली पडू न देता कसा काढतात ते बघायला नवऱ्याला अजूनही लहान मुलासारखं आवडतं. हिरवा कडक आंबा आणायचा, भाताच्या पेंढ्यात आढी घालायची, म्हणजे पिकायला रचून ठेवायचा, आणि थांबायचं. सालीला बारीक सुरकुती पडली की तो खरा गोड. सासूबाई रोज सकाळी आढीत हात घालून नुसत्या वासावरून आणि स्पर्शावरून आजचे आंबे वेगळे काढतात, तो हात मला अजून यायचाय.

उत्तरेकडचा रस्ता म्हणजे आरे-वारे, त्यावर वेगळं काय लिहायचं, सगळ्यांना माहीत आहे. घाटीच्या वरून सकाळी सहा-साडेसहाला बघा, दहानंतर तिथे गाड्याच गाड्या. पाण्यात मात्र उतरू नका, आरे-वारे काय किंवा गणपतीपुळे काय, इथे पाण्याला ओढ आहे आणि दर सीझनला माणसं बुडतात, वाचून जीव तुटतो. गणपतीपुळ्याला दर्शन पहाटेच, डोंगराची प्रदक्षिणा, मोदक, आणि मग मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर, ते मला दरवेळी थांबून बघावंसं वाटतं. एकदा असेच पुढे जयगडहून गाडी फेरीबोटीत घालून तवसाळला उतरलो आणि हेदवीला गेलो, बामणघळीत भरतीचं पाणी कारंज्यासारखं उडतं ते बघायला. तिकडे जायचं तर भरतीची वेळ बघूनच जा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तर उत्तमच, ओहोटीला नुसती खडकातली फट दिसते. रस्त्यात कुड्याच्या पानातली करवंदं घेतली ती बोटीतच संपली.

लांब जायचं नसेल त्या रविवारी संध्याकाळी थिबा पॉईंट. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य 1885 साली गेलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला 1910 ला आणि 1916 साली तो इथेच गेला. एवढ्या लांबचा राजा, भाट्याची खाडी बघत म्हातारा झाला. आम्ही घरच्या कोकम सरबताची बाटली घेऊन जातो. रातांबे फोडून, साखर भरून बरण्या गच्चीवर उन्हात ठेवायचं काम मे महिन्यात आमच्याकडे चालूच असतं, बाजारातलं तयार सिरप त्या रंगाच्या आणि वासाच्या जवळपास येत नाही.

मे संपत आला की मिरकरवाडा बंदर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ असतो, आणि ही बंदी नीट पाळली जावी असं मला मनापासून वाटतं, नाहीतर पुढे आपल्याला खायलाच काही राहणार नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत आम्ही सकाळीच लिलावाच्या वेळेला हजर. सुरमई परवडली तर सुरमई, नाहीतर बांगडा, आणि खरं सांगू का, ताजा बांगडा, तिरफळ घातलेलं त्याचं कालवण आणि उकडा भात असेल तर मला सुरमई नकोच. भाट्याच्या खाडीत ओहोटीला बायका मुळे (शिंपल्यांचाच एक प्रकार) काढत असतात, ते मिळाले तर खोबरं घालून सुकं.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची खरेदीही तेव्हाच. सुका जवळा, सुके बांगडे, खारवलेलं थोडं काहीतरी. यंदा सगळं घेऊन, परत एकदा उन्हात घालून, डबे घट्ट बंद करून झालेत. आंबापोळ्या वाळल्यात, फणसाच्या आठळ्या मातीत घालून ठेवल्यात. आता पाऊस पडला की चढणीचे मासे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे, त्यासाठी नवऱ्याने लांज्याच्या मावसभावाला आत्तापासून सांगून ठेवलंय की पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं की रात्री कितीही वाजता फोन कर, आम्ही निघतो.