गाडी नसलेल्यांची बाबागाडी

मंगळवार, रात्र

सायलीने दुपारी विचारलं, “आमच्याकडे गाडी नाही, मग बाबागाडी घेऊन काय करू?” तिने सहज विचारलं, पण ते वाक्य मनातून जात नाहीये. गाडीवाल्यांना बाबागाडी लागते ती पार्किंगपासून लिफ्टपर्यंत. लसीकरण, भाजी, आईचं घर, हे सगळं पायी, बसने, लोकलने करणाऱ्यांनाच ती खरी लागते. आणि मुंबईत नेमकी त्यांनाच ती चालवता येत नाही.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचे २०१२ चे निकष सांगतात, फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. एवढं मिळालं तर कुठलीही बाबागाडी चालेल. मिळतात ते खचलेले पेव्हर ब्लॉक आणि बाइक चढू नये म्हणून रोवलेले खांब. पुढचं फिरतं चाक फटीत आडवं होतं, गाडी जागच्या जागी थांबते आणि बाळ पुढे फेकलं जातं. म्हणून पाच पट्ट्यांचा हार्नेस गल्लीच्या टोकापर्यंत जायचं असलं तरी लावायचा. पुढची चाकं सरळ लॉक होणारी हवीत. कड चढताना हँडल खाली दाबून पुढची चाकं आधी वर घ्यायची, उतरताना गाडी उलटी फिरवून मागची चाकं आधी खाली. हँडलला भाजीची पिशवी लटकवायची नाही. बाळ उचललं की गाडी मागे कलंडते.

मोठ्या, हवेच्या चाकांची गाडी या रस्त्यांवर उत्तम चालते. पण तिचं वजन सहज दहा किलोच्या वर जातं. दादरच्या पुलावर ती कोण चढवणार?

ओवेन मॅक्लारेन नावाच्या निवृत्त विमान-अभियंत्याने मुलीला जड प्रॅमशी झगडताना पाहिलं आणि १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची बाबागाडी आखली. वजन तीन किलोच्या आत. साठ वर्षांपूर्वी एका माणसाला ते ओझं दिसलं. इथे अजून कुणाला का दिसत नाही? रात्री असं वाटतं की चालणाऱ्या बाईने सगळं अंगावरच वाहायचं, हे या शहराने धरूनच चाललंय. लुगड्याची झोळी पाठीला बांधून बांधकामावर जाणाऱ्या बायकांना तर... ते नंतर कधी.

बरं. अंगावर वाहायचं तर नीट वाहू.

सायलीला एकच घ्यायचं असेल तर आधी बाळ अंगावर बांधून न्यायचं कॅरिअर. पहिले सहा महिने बाबागाडी घ्यायचीच तर पाठ पूर्ण आडवी होणारी लागते, आणि ती बहुधा जड असते. अंगाभोवती गुंडाळायचा पाच मीटरचा ताणला जाणारा रॅप मुंबईच्या मे महिन्यात नको. पोटावर कापडाचे थर चढतात आणि दोघांनाही घामोळं येतं. त्यापेक्षा सुती रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावर घ्यायची झोळी, बरी. तिच्या कड्या जोड नसलेल्या, अखंड हव्यात. मात्र सगळा भार एकाच खांद्यावर येतो, म्हणून लांबच्या प्रवासाला रुंद कंबरपट्ट्याचं, बकलचं कॅरिअर. त्यातही बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार. नुसते पाय लोंबकळणारं कॅरिअर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. बाळ उभं, पोटाला पोट लावून, मान वाकवली की कपाळाची पापी घेता येईल इतकं वर. हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत आणि चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो. अंगात एक पातळ झबलं पुरे. उन्हासाठी ओढणी तोंडावरून टाकायची नाही, बाबागाडीवरही नाही. आत उष्णता कोंडते.

आणि स्कूटरवर कॅरिअर म्हणजे सुरक्षा नव्हे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलांना हार्नेस आणि त्यातल्या नऊ महिन्यांवरच्यांना हेल्मेटही सक्तीचं आहे, वेग ४० च्या आत. नऊ महिन्यांहून लहान बाळाला नेऊच नये.

बाळ नीट बसायला लागलं की मग विमानात हातसामानात जाते तसली सहा-सात किलोची बाबागाडी. मेट्रोत ती उघडीच नेता येते, लिफ्टने. सरकत्या जिन्यावर मुळीच नाही. लोकलचं तसं नाही. गाडी वीस-तीस सेकंद थांबते, म्हणून फलाटावरच बाळ कॅरिअरमध्ये, बाबागाडी मिटून खांद्यावर, मग चढायचं. मिटल्यावर ती आपली आपण उभी राहायला हवी, नाहीतर डब्यात एक हात तिलाच धरण्यात जातो. टॅक्सीच्या डिकीत बऱ्याचदा सीएनजीचा सिलिंडर असतो, तेव्हा ती पायाशीच ठेवावी लागते. पावसात भिजली तर चाकं पुसून, सुकवून सिलिकॉन स्प्रे. तेल लावलं की त्यावर धूळ बसून ती करकरतात.

दुकानदार दोन्ही हातांनी मिटून दाखवतो, त्यावर जाऊ नये. डाव्या हाताने बाळाच्या जागी पाच किलो तांदळाची पिशवी कडेवर धरावी, उजव्या हाताने गाडी मिटावी, खांद्याला लावावी आणि दुकानाचा जिना चढून-उतरून बघावा. सायलीला हेच आधी लिहिते, किमतीचं नंतर.