तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क ब्रेक लावल्यावर गाडी पटकन थांबते का?

जुनी शेवरोले पिकअप आहे म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात, ॲव्हरेज किती देते आणि पुढच्या चाकांना जुन्या ड्रमच्या जागी डिस्क लावल्यावर ब्रेकमध्ये फरक पडला का. ॲव्हरेजचं न बोललेलंच बरं. दुसऱ्याचं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण पहिल्या ब्रेकला फारसा फरक पडलेला नाही.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, ब्रेक मारला की शू त्याला आतून दाबतात. नीट सेट केलेला ड्रमसुद्धा चाक जाम करतो हो, त्यापुढे सगळं टायरवर असतं. उलट ड्रमला पाय कमी दाबावा लागतो, फिरणारा ड्रम शूला स्वतःबरोबर ओढतो आणि शू अजून घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, पॅड फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे रोटरला, नुसते दोन्हीकडून चिमटा काढतात, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. मी आधी बूस्टर न लावता चालवून बघितली, पहिल्याच वळणावर पेडलवर अक्षरशः उभा राहिलो.

फरक कळतो तो लांब उतारावर, पाचव्या-सहाव्या ब्रेकला. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल दर वेळी थोडं खाली, आणि शूवरचं अस्तर, म्हणजे लायनर, तापून पकडही सुटत जाते. शिवाय पाण्यातून गाडी काढली की एक चाक आधी धरायचं, एक नंतर, स्टिअरिंग हातातून निसटायचं. ते सगळं गेलं. मला तेवढंच हवं होतं.

पण खरं काम चाकापाशी नाही, मास्टर सिलेंडरपाशी आहे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपापाशी, आणि हे कोणी विचारतच नाही! माझी शेवरोले १९६६ ची, मास्टरला एकच टाकी, म्हणजे कुठेही एक पाइप गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ ला कंपनीने पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा, असा दोन भागांचा मास्टर दिला आणि १९७१ ला पुढे डिस्क. जुना मास्टर तसाच ठेवून डिस्क लावणारे भेटतात मला. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये १० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास प्रेशर धरून ठेवतो. ड्रमच्या शूला मागे ओढायला स्प्रिंग असतात म्हणून तिथे चालून जातं, पॅड धरणाऱ्या कॅलिपरला स्प्रिंग नाहीत, पॅड रोटरला घासतच राहतात आणि थोड्या वेळात चाकाला हात लावून बघा, चटका बसतो.

आता माझा मूर्खपणा. सगळं जोडलं, पाइपमध्ये अडकलेली हवा (एअर) काढायला बसलो, पेडल स्पंजसारखं. परत काढली, परत तेच. दोन संध्याकाळी आणि दोन बाटल्या ब्रेक ऑइल गेलं, वर ते फेंडरवर सांडून रंगाला फोड आले ते वेगळेच. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो तर कॅलिपरचं ब्लीड निपल, म्हणजे हवा सोडायचं तोंड, खाली बघतंय. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे! हवा तर वरच जाणार, ती वरच्या कोपऱ्यात मजेत बसलेली आणि मी खालून नुसतं ऑइल सोडतोय. अदलाबदल केली, निपल वर आलं, एकदा पाना फिरवला, फुर्रर्र करून बुडबुडे, आणि पेडल दगडासारखं.

मागे अजून ड्रमच आहेत. "मागे पण डिस्क टाका ना" हे सांगणारेही बरेच. रिकाम्या पिकअपची मागची बाजू आधीच हलकी, त्यात ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मागचे टायर लगेच घसरतात. तिथे अजून पकड वाढवून काय करू? हँडब्रेकही ड्रमवर साधा सोपा चालतो. मागच्या लाइनला मागचं प्रेशर कमी करणारा, ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकला आणि ओल्या, मोकळ्या जागेत हळू वेगात ब्रेक मारत, प्रत्येक वेळी थोडी थोडी खुंटी फिरवत, पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम होतील तिथे सोडला. मागे माल भरला की मागचे ब्रेक जरा आळशी वाटतात. चालतंय मला.