हिवतापाच्या औषधाची चाचणी : भामरागडचे अठ्ठावीस दिवस

गुंतागुंत नसलेल्या, फाल्सिपेरम जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापावर आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन ही औषधे मिळून अजून किती लागू पडतात, हे तपासण्याच्या कामासाठी मी ऑक्टोबरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात गेलो होतो. नागपूरहून उमरेड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोलीला मुक्काम करावा आणि सकाळी लवकर आलापल्लीमार्गे निघावे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून गोळ्या, काचपट्ट्या आणि गाळणकागद पावसाळ्यापूर्वीच पोहोचते करावेत.

अशा चाचणीची आखणी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली आहे. तीन दिवस गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत द्यायच्या, त्यानंतर अर्धा तास रुग्णाजवळ थांबायचे आणि तेवढ्यात उलटी झाली तर पूर्ण मात्रा पुन्हा द्यायची. पहिला दिवस शून्य धरून 1, 2, 3, 7, 14, 21 आणि 28 व्या दिवशी रक्त तपासायचे. संमती माडिया या तिथल्या आदिवासी बोलीत समजावून घ्यावी. अंगठा उमटवणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार लागतो.

माझी मोठी चूक दिवस मोजण्यातच झाली. 7, 14, 21 आणि 28 हे चारही दिवस शून्य दिवसाच्याच वारी येतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नऊ वर्षांच्या एका मुलाची नोंद आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी केली आणि सातव्या दिवशी चिखल तुडवत त्याच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, पोहोचलो, तर घराला कडी होती. सगळे घर बाजाराला गेले होते. आशाताईंनी सांगितल्यावर आम्ही परत फिरलो. मुलगा बाजारात मिठाच्या दुकानापाशी आजीचा पदर धरून उभा होता आणि त्याचे बोट तिथेच टोचले. पुढे बाजारवारी नोंदलेल्या रुग्णांसाठी आम्ही सगळे साहित्य घेऊन बाजारातच बसू लागलो आणि एकही माणूस हातचा सुटला नाही.

ओल्या काचपट्टीवर माशी बसली की ती रक्त चाटून जाते आणि जाड थेंबात भोके पडतात. अशा दोन पट्ट्या मी गमावल्या, म्हणून पट्ट्या जाळीखाली आडव्या वाळवाव्यात. गाळणकागदावरचा रक्ताचा ठिपका पूर्ण सुकल्यावरच ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करावा. परजीवी पुन्हा दिसले, तर औषध हरले की नवा डास चावला, हे शून्य दिवसाचा आणि त्या दिवसाचा ठिपका जनुकीय तपासणीत ताडूनच कळते. अपयश 10 टक्क्यांच्या वर गेले तर औषध बदलावे लागते. 2013 मध्ये ईशान्य भारतासाठी आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन आले ते सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन तिथे निकामी होऊ लागल्यामुळेच. त्यामुळे एक ठिपका खराब झाला तरी मला चैन पडत नसे.

धान कापणीच्या काळात कुटुंबे रात्री बांधीवरच, म्हणजे धानाच्या शेतावरच, राखणीला राहतात. म्हणून नोंदवहीत घराच्या पत्त्यापुढे बांधीची वाट लिहावी, कोणत्या नाल्यापलीकडे, कोणत्या मोहाखाली, आणि ती रुग्णाच्या घरच्या माणसासोबत स्वतः चालून पाहून घ्यावी.