कलम १६(४) मधला ‘मागास’

‘शाहू महाराजांनी ५० टक्के आरक्षण दिलं’ हे वाक्य कोल्हापुरात शाळकरी पोराला पण पाठ असतं. पण घटनेच्या कलम १६(४) मधला, म्हणजे सरकारी नोकरीतल्या राखीव जागांच्या उपकलमातला, ‘मागास’ हा शब्द समजायचा तर २६ जुलै १९०२ चा तो हुकूम मुळातून वाचावा. मोजक्या ओळींचा आहे. हुकूम पोचल्या दिवसापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यातल्या निम्म्या मागास वर्गांतून भरायच्या. म्हणजे नोकरीत बसलेल्या कुणाला उठवायचं नव्हतं. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच. मागास म्हणजे कोण, तेही सांगितलंय: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आणि शेवटी, खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. मला हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. असा तक्ता मागितला नाही की चांगले हुकूमसुद्धा दप्तरात पडून राहतात.

यानंतर अठरा वर्षांनी, २१-२२ मार्च १९२० ला, माणगावच्या अस्पृश्य परिषदेत महाराजांनी आंबेडकरांकडे बोट दाखवून जमलेल्यांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. तेव्हा आंबेडकर बॅरिस्टर झालेले नव्हते. त्याच वर्षी ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली ती १९२३ मध्ये. महाराज ६ मे १९२२ लाच गेले होते.

घटना समितीत बाबासाहेब आधी बंगालमधून निवडून आले. फाळणीत ती जागा गेली, मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून, बॅ. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. २९ ऑगस्टला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

आता मुद्द्याचं. सरकारी नोकरीतल्या समान संधीचं कलम मसुद्यात १० क्रमांकाचं होतं, आज ते १६ आहे. राखीव जागांची मुभा देणारं त्याचं उपकलम, म्हणजे आजचं १६(४), मूलभूत हक्कांच्या अहवालातून आलं, तेव्हा त्यात ‘नोकऱ्यांत पुरेसं प्रतिनिधित्व नसलेले वर्ग’ एवढंच होतं. ‘मागास’ हा शब्द मसुदा समितीने घातला. ३० नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात त्यावर बराच खल झाला. शब्दाची व्याख्या नाही, तो हवाच कशाला, असे आक्षेप आले.

बाबासाहेबांचं उत्तर पक्क्या वकिलाचं आहे. समान संधी हा नियम, राखीव जागा हा अपवाद. एखाद्या राज्याने ७० टक्के जागा राखून ठेवल्या आणि ३० टक्के खुल्या सोडल्या, तर नियम उरला असं कोण म्हणेल? म्हणून राखीव जागा कमीच असायला हव्यात, आणि अपवादाला ‘मागास’ची वेसण हवी, नाहीतर अपवादच नियमाला गिळून टाकेल. मागास कोण हे ठरवायचं सरकारने. पण सरकारने प्रमाण सोडलं तर नागरिकाला सुप्रीम कोर्टात जाता येईल आणि सरकार समंजसपणे वागलं की नाही हे कोर्ट बघेल.

इथं महाराजांच्या हुकमाशी असलेला फरक दिसतो. महाराजांनी पुढारलेल्यांची नावं घेऊन बाकी सगळे मागास धरले; एका संस्थानापुरतं ते चालून गेलं. अख्ख्या देशाला अशी एकच यादी लावता आली नसती. मद्रासमधले मागास वेगळे, पंजाबातले वेगळे. व्याख्या न करणं हा मसुद्यातला ढिसाळपणा नव्हता, ते समजून केलेलं काम होतं.

कलम वाचताना दोन चुका हमखास होतात. पहिली, १६(४) आणि १५(४) ची सरमिसळ. १६(४) नोकऱ्यांपुरतं आहे आणि मूळ घटनेत आहे. १५(४) वर कॉलेज प्रवेशाच्या राखीव जागा उभ्या आहेत आणि ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं, मद्रासमधल्या राखीव प्रवेशांविरुद्ध कोर्टाचा निकाल गेल्यावर. दुसरी, १६(४) मध्ये अटी दोन आहेत हे विसरणं. वर्ग मागास असला पाहिजे आणि नोकऱ्यांत त्याचं प्रतिनिधित्वही अपुरं असलं पाहिजे. या दुसऱ्या अटीसाठी आकडे लागतात, म्हणजे पुन्हा तो तिमाही तक्ताच.

१६ नोव्हेंबर १९९२ ला मंडल प्रकरणात, म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांतल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला, त्यात बाबासाहेबांच्या त्याच भाषणाचा आधार आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता मर्यादा ठरली ५० टक्के. आकडा कोल्हापूरचाच, पण काम उलटं. १९०२ च्या हुकमात कचेरीने निम्म्यापर्यंत पोचायचं होतं. १९९२ च्या निकालात निम्म्याशी थांबायचं आहे.